आपापला डबा, एकच पंगत

(१९८३च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, २०२३ साली केलेल्या भाषणाचा मजकूर)



या पटांगणात मी याआधी एकदाच भाषण केलं होतं. सातवीत, एक ऑगस्टला, लोकमान्य टिळकांवर. तिसऱ्या वाक्याला विसरलो आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असं म्हणून खाली उतरलो. त्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणारे दोघे आजही पहिल्या रांगेत बसलेत. तेव्हा आज मी कागद लिहून आणलाय.

संयोजन समितीनं मला विषय दिला, ‘रोजच्या जगण्यातील विविधतेचे महत्त्व’. वर सूचना दिली, पंधरा मिनिटांत आटप, जेवणं थंड होतील. विषय ऐकून मला दहावीचा निबंध आठवला. दहापैकी चार मार्क. पाठ्यपुस्तकात विविधता म्हणजे एक चित्र असायचं: फेटेवाला, लुंगीवाला, पगडीवाला, सगळे हात धरून उभे. रोज सकाळी प्रतिज्ञा म्हणताना तो शब्द आपल्या तोंडून जायचा. हात पुढे आणि डोळे घड्याळाकडे. त्या शब्दाचा आपल्या डब्याशी, आपल्या शेताशी काही संबंध असेल असं मला तरी कधी वाटलं नाही. तो संबंध मला फार उशिरा कळला, आणि कळायला किंमत मोजावी लागली. तेच आज सांगणार आहे.

सुरुवात आपल्या त्या लिंबाच्या झाडापासून करू. झाड आता नाही, तिथं सायकल स्टँड झालाय. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या झाडाखाली अंगतपंगत असायची. मराठीच्या बाईंनी ती सुरू केली. नियम दोनच. एक, डब्याचं झाकण काढून डबा मध्ये ठेवायचा. दोन, आपल्या डब्यातलं आपण सगळ्यांत शेवटी खायचं, आधी दुसऱ्यांच्या तीन डब्यांतलं एकेक घास खायचा.

आठवतात का ते डबे? सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मुलाची पांढरी शुभ्र चपाती आणि बटाट्याची भाजी. कोकणातून बदलून आलेल्या तलाठ्यांच्या मुलीची तांदळाची भाकरी. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा आपल्यातल्या एकानं ‘ही भाकरी आजारी आहे का?’ असं विचारलं होतं. बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या मुलाचा मेथीचा खाकरा. रमजान ईदनंतरच्या पंगतीत आपल्या शेवटच्या बाकावरच्या मित्राच्या घरून मोठ्या किटलीत येणारा शीरखुर्मा. धनगरवाड्यावरून चालत येणाऱ्या दोघा भावांचं शेळीच्या दुधाचं घट्ट दही. आणि ज्वारीची, बाजरीची भाकरी. कुणाची जाड, कुणाची पापुद्रा सुटलेली, कुणाची तीळ लावलेली. पीठ तेच, पण प्रत्येक घरची भाकरी वेगळी. डोळे मिटून कुणाची कुठली ते आपण ओळखायचो.

माझा डबा मात्र मी पहिल्या दोन पंगतींना आणलाच नाही. विसरलो म्हणून सांगितलं. विसरलो नव्हतो. तो दप्तरात खाली, भूगोलाच्या वहीखाली दडवलेला होता. त्यात असायची बाजरीची भाकरी आणि हुलग्याची उसळ. कधी शेंगोळे. पावसाळ्यात सर्दी झाली की आई सकाळी हुलग्याचं माडगं प्यायला लावायची. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. आमच्याकडं तेव्हा म्हणायचे, हुलगा घोड्याला घालतात. कंपाउंडरच्या मुलासमोर घोड्याचं खाणं काढायचं? मला लाज वाटायची.

तिसऱ्या पंगतीला बाईंनी दप्तर उघडायला लावलं. मला वाटलं, आता वर्ग हसणार. दोघंतिघं हसलेही. बाईंनी एक शेंगोळा तोंडात टाकला आणि विचारलं, “हे तुझी आई कसं करते रे? मला येत नाही. लिहून आणशील?” मी आईला विचारून वहीच्या पानावर कृती लिहून आणली. ‘मीठ चवीपुरते’ याच्यापुढं शुद्धलेखनाच्या चुकांना बाईंनी लाल गोलही केले, तो भाग वेगळा. पण त्या दिवसापासून माझा डबा दप्तरात वरच्या बाजूला आला. बाई, तुम्ही हे विसरला असाल. मी विसरलेलो नाही.

आता डब्यातून जरा शेतात येऊ, कारण डब्यात जे यायचं ते शेतात असायचं.

आमचं रान माणदेशातलं, पावसावरचं. माझे वडील मृगाचा पाऊस झाला की पेरणी करायचे ती एकट्या बाजरीची नसायची. बाजरीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा. बाजरीतच मटकी आणि हुलगा. मधूनच अंबाडी, बांधाच्या कडेला तीळ. आणि बियाण्यात मूठभर बी मिसळलेलं असायचं वाळकाचं आणि शेंदाडाचं. हसताय ना? शाळेतून घरी जाताना दुसऱ्याच्या रानातली वाळकं कोणी कोणी खाल्लीत त्यांनी हात वर करा. राहू दे, त्या रानाचे मालकही इथं बसलेत.

लहानपणी मला वाटायचं, वडिलांना नीट एक पीक घेता येत नाही म्हणून ही सगळी सरमिसळ. पुढं शेतीचं शिक्षण घेतलं, शेतीखात्यात नोकरी लागली, तेव्हा पुस्तकात त्याचा अर्थ सापडला. बाजरी ऐंशी-नव्वद दिवसांत निघते, तूर सहा महिने उभी राहते. बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस हुकला तर बाजरी जाते. पण तुरीचं मूळ खोल, ती पुढच्या पावसाची वाट बघत थांबते. मटकी जमिनीवर पसरते, ऊन थेट मातीला लागू देत नाही, ओल टिकते. हुलग्याला तर उशिरा पेरलं तरी चालतं आणि पाणी कमी लागतं. मटकी, हुलगा, तूर यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात. म्हणजे खताची गोणी विकत न आणता निम्मं खत रानातच. सगळी पिकं एकाच वर्षी भरभरून आली असं क्वचितच व्हायचं. पण सगळीच एकाच वर्षी बुडाली असंही क्वचित व्हायचं. ७२च्या दुष्काळासारखं वर्ष सोडून. तेव्हा रेशनवरचा लाल मिलो खाल्लेले आपल्यात बरेच जण आहेत.

ताटाचंही तसंच. बाजरी-ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा एक घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली की दोघांचं उणं भरून निघतं. माझ्या आईला यातला एकही शब्द माहीत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं, नुसत्या भाकरीवर गडी दिवसभर औत हाकू शकत नाही.

आणि कंटाळ्यावर उपाय तिच्याकडं होता. एकाच हुलग्याचं माडगं, शेंगोळे, उसळ, पिठलं. एकाच बाजरीची भाकरी, घाटा, खिचडी, उन्हाळ्यात खारवड्या. शिवाय पंचांग मदतीला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, गाजर, वांगं, पावटा, बोरं, जे रानात असेल त्याची मिसळलेली भाजी. चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत दाखवून पुन्हा सुरू. गौरीला एका ताटात सोळा भाज्या, म्हणजे निदान एक दिवस तरी परसात काय काय उगवतं याची हजेरी घेतली जायची. काही भाज्या वर्षातून त्याच एका दिवशी चुलीवर चढायच्या. पण त्या एका दिवसासाठी कुणीतरी त्यांचं बी वर्षभर सांभाळायचं.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे घरातली बाई. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड होती, मडक्यावर मडकं. त्यांतल्या दोन-तीन गाडग्यांत राखेत घोळलेलं बी असायचं. वाळकाचं, शेंदाडाचं, पावट्याचं, भोपळ्याचं. कुठल्या वेलाचं फळ खायचं आणि कुठलं बियाला ठेवायचं हे आई ठरवायची. पहिलं चांगलं फळ आम्ही मागायचो, ती म्हणायची, “त्येला हात लावायचा न्हाई, त्ये म्होरल्या सालाचं हाय.”

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

मी नोकरीला लागलो. नवीन शिकलेलो होतो, घरी आल्यावर दादाला, माझ्या थोरल्या भावाला, शहाणपण शिकवायचो. “दादा, बाजरी-मटकी किती दिवस? क्विंटलला मिळतात किती? डाळिंब लाव. सांगोल्याकडं बघ, आटपाडीकडं बघ.” दादानं माझं ऐकलं. २०००च्या आसपास विहीर खोल केली, ठिबक केलं आणि सगळ्या रानात डाळिंब लावलं. सगळ्या. पाच एकरांत एक तास तुरीचा उरला नाही. सगळीकडं भगवा हा एकच वाण, कारण बाजारात त्यालाच भाव. रोपं गुटी बांधून केलेली, म्हणजे प्रत्येक झाड दुसऱ्या झाडाची हुबेहूब नक्कल.

डाळिंबानं पैसा दिला, हे मी आधी सांगतो. त्या पैशातून घर झालं, पुतणीचं शिक्षण झालं. डाळिंबाला शिव्या देऊन कुणाचं भलं होणार नाही. बाजरी-हुलग्यावर ती पोरगी इंजिनिअर झाली नसती.

घर बांधताना जुनं स्वयंपाकघर पाडलं. उतरंड मी स्वतःच्या हातानं बाहेर काढली. आई म्हणाली, “ती दोन गाडगी ऱ्हाऊ दे.” मी म्हणालो, “आये, आता कुठं पेरायचंय ते? सगळं रान बागेत गेलंय. लागलं तर दुकानातनं पाकीट आणू.” ती काही बोलली नाही. गाडगी उकिरड्याकडं गेली. शेतीखात्यातल्या शिकलेल्या माणसानं आपल्या घरातलं बियाणं आपल्या हातानं फेकलं, आणि त्याला त्या वेळी आपण घर स्वच्छ केलं असं वाटलं.

त्यानंतर काही वर्षांनी तेल्या आला. तेल्या म्हणजे काय ते इथं निम्म्या लोकांना सांगायला नको. पानावर तेलकट डाग, मग फळावर काळे डाग, मग फळ तडकतं. जिवाणूमुळं होणारा रोग, पावसात आणि दमट हवेत भडकतो, आणि रोगट झाडाच्या गुटीबरोबर नव्या बागेतही जातो. सगळी झाडं एका जातीची, त्यामुळं एकाला जे झालं ते सगळ्यांना. दादानं दोन वर्षं औषधं फवारली. तिसऱ्या वर्षी बाग काढली. ज्या दिवशी जेसीबी लावून झाडं उपटली त्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. दादा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आपले भूगोलाचे सर आयर्लंड शिकवताना नकाशावर काठी आपटायचे. त्या आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. तिथला गरीब माणूस जवळजवळ बटाट्यावरच जगत होता, आणि बटाटाही मुख्यतः लंपर या एकाच जातीचा. बटाटा फोडी लावून करतात, म्हणजे गुटीसारखंच, सगळी झाडं एकसारखी. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. राज्यकर्त्यांची धोरणंही त्याला कारण होती. पण रोगाला पुढचं झाड आधीच्या झाडाहून वेगळं मिळालं असतं, तर तो इतक्या वेगानं धावला नसता. सरांनी हे तेव्हा सांगितलं असेलही. मी तेव्हा खिडकीतून वाळकं कुठल्या रानात पिकलीत ते बघत होतो.

बाग गेल्यावर दादा म्हणाला, पावसाळ्यात बाजरी पेरू, पहिल्यासारखी. बाजरीचं बियाणं दुकानात मिळालं. तुरीचंही मिळालं. मग तो आईला म्हणाला, “हुलगा आणि वाळकाचं बी दे.” आई माझ्याकडं बघत म्हणाली, “बियाणं कुठलं आता? त्ये गेलं घराबरूबर.”

मी तालुक्यात फिरलो. दुकानात हुलगा होता, तो खायचा. वाळकाचं बी कुणाकडं नव्हतं. ज्यांना विचारलं ते म्हणायचे, “होतं की, गेल्या दोन-तीन सालापर्यंत होतं.” सगळ्यांनी एकाच सुमाराला, एकाच कारणानं टाकून दिलेलं. प्रत्येकाला वाटलं होतं, लागलं तर शेजारी आहे.

शेवटी बियाणं मिळालं ते आपल्या वर्गातून.

आपली एक वर्गमैत्रीण लग्न होऊन जतच्या बाजूला गेली. तिच्या सासरच्या रानाला तेव्हा पाणी आलेलं नव्हतं. बागेचा विचारच नाही. त्यामुळं तिच्या सासूबाईंनी आणि मग तिनं जे होतं ते पेरत ठेवलं. एका लग्नात गाठ पडली, मी सहज विषय काढला. पुढच्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरजवळ एक पिशवी आली. दोन पायल्या हुलगा, शेरभर मटकी आणि कापडाच्या पुरचुंडीत वाळकाचं, शेंदाडाचं बी, राखेत घोळलेलं. बरोबर चिठ्ठी: ‘पुढच्या वर्षी इतकंच परत पाठव. विकत नाही, उसनं आहे.’

त्या वर्षी वाळकं लागली. आईनं पहिलं वाळूक हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, “वास त्योच हाय. पर आपलं ह्यापरीस लांबट व्हतं.” म्हणजे जे आलं ते आमचं नव्हतं, जतचं होतं. आमचं गेलं ते गेलंच. आईही आता नाही. पण पहिलं फळ तिनं खाऊ दिलं नाही. बियाला ठेवलं.

मागच्या महिन्यात या भाषणाचा विषय ठरला तेव्हा मी त्या मैत्रिणीला फोन केला. मी बराच वेळ विविधता, परंपरा असं बोलत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, एक सांगू? माझ्या डब्यात पाच वर्षं भाकरी आणि कारळ्याची चटणी होती. त्याला विविधता म्हणू नको, तो नाइलाज होता. पंगतीत तुम्ही माझ्या चटणीवर तुटून पडायचा. तुम्हाला महिन्यातून एकदा ती चव होती, मला रोज तीच होती.”

मी गप्प झालो. तेव्हा तीच म्हणाली, “पण मी त्या शुक्रवारची वाट बघायची. त्या दिवशी मला आठ-दहा घरांचं खायला मिळायचं. आणि माझ्या चटणीशिवाय पंगत सुरू व्हायची नाही, हे पण मला आवडायचं.”

तिची परवानगी घेऊनच हे सांगतोय. ती आज आलीय. नाव घेऊ नको म्हणालीय, म्हणून घेत नाही. पण कारळ्याची चटणी मोठ्या डब्यात आलीय, त्यावरून ओळखा.

तिच्या त्या दोन वाक्यांनी माझं सगळं भाषण बदललं. मी आधी लिहिलं होतं, प्रत्येकाच्या ताटात, प्रत्येकाच्या शेतात विविधता हवी. ते खोटं नाही. पण प्रत्येक घराला ते परवडत नाही. कुणाकडं जमीन एकच तुकडा, कुणाकडं पगार तुटपुंजा, कुणाला सकाळी सहाची गाडी गाठायची असते. त्या घरातल्या बाईला आणखी चार भाज्या कर म्हणून सांगणं म्हणजे तिच्यावर ओझं टाकणं. एकट्या डब्यात विविधता मावत नाही. ती पंगतीत असते. माझ्याकडं एक, तुझ्याकडं दुसरं आणि दोन्ही मध्ये ठेवलेलं. माझं बुडतं त्या दिवशी तुझं कामाला येतं. पण त्यासाठी तुझं माझ्यापेक्षा वेगळं असायला हवं. ती जतची मैत्रीणही आमच्यासारखीच डाळिंबात गेली असती, तर मी हात पसरायला कुणाकडं गेलो असतो?

आणि दुसरी गोष्ट. ही विविधता कुणी शत्रू येऊन नेत नाही. ती लाजेनं जाते. हुलग्याची लाज, भाकरीची लाज, ‘व्हय’ म्हणण्याची लाज, आईच्या गाडग्यांची लाज. लाज वाटली की डबा दप्तरात खाली जातो. खाली गेलेला डबा हळूहळू घरी करायचा बंद होतो. घरात बंद झालं की शेतात बंद होतं. आणि शेतातून काही हंगाम गेलं की बियाणं मरतं, कारण बी कायमचं ठेवता येत नाही, ते पेरतच राहावं लागतं. ती लाज घालवायला बाईंना किती कष्ट पडले? एक शेंगोळा खाल्ला आणि कृती विचारली. एवढंच.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं. आता मोठ्या हॉटेलात बाजरीची खिचडी मिळते, नाचणीचा केक मिळतो. आनंद आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जमवून जपलं, त्यांना २०२०चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउलीनं जे सांभाळलं, ते माझ्यासारख्या शिकलेल्यानं उकिरड्यावर टाकलं होतं. पुरस्कार त्यांना मिळाला, धडा मी घ्यायचा.

आपण सगळे आता पंचावन्न-छप्पनचे. मुलं मोठी झाली. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी एकच फुलाचं चित्र बावीस जण पाठवतात. मुलांना सगळ्यांनी एकाच दोन शाखांना घातलं, लग्नात सगळ्यांच्या पनीर एकच. मी कुणाला नावं ठेवत नाही, माझ्या मुलीच्या लग्नातही तेच होतं. माझं एवढंच मागणं आहे. आपल्या घरातली एक गोष्ट, जी फक्त आपल्या घरात आहे, ती लाज सोडून मध्ये ठेवा. एखादा पदार्थ असेल, एखादं बी असेल, आजीचा एखादा शब्द असेल, एखादं काम करायची रीत असेल. आणि दुसऱ्यानं त्याची ठेवली तर तोंड वाकडं न करता म्हणा, “हे कसं करतात? लिहून दे.”

मुख्याध्यापकांशी मी बोललोय. सायकल स्टँडच्या मागं गुंठाभर जागा मोकळी आहे. पाणी आहे, कुंपण आपण करू. पुढच्या मृगाच्या आधी ज्याच्या त्याच्याकडं घरचं बी असेल ते त्यानं मूठभर आणून द्यावं. कुणाकडं नसेल त्यानं गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारावं, पण लवकर विचारावं. म्हाताऱ्या थांबत नाहीत. मुलं पेरतील, मुलं खातील, आणि पहिलं फळ बियाला ठेवतील. ज्याला लागेल त्यानं इथून उसनं न्यावं आणि पुढच्या वर्षी तितकंच परत आणावं. सुरुवातीला वाळकाचं बी मी आणलंय. ही पुरचुंडी बाईंच्या हातात देतो.

समितीनं आज केटरर सांगितलेला नाही, प्रत्येकानं घरून डबा आणलाय, याबद्दल त्यांचे आभार. माझ्या डब्यात शेंगोळे आहेत. दप्तर नाही, त्यामुळं लपवायलाही जागा नाही. नियम तेच. झाकण काढून डबा मध्ये ठेवायचा. आपलं शेवटी खायचं.

पंधरा मिनिटं झाली. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. या वेळी मात्र विसरलो म्हणून नाही, भूक लागली म्हणून.